घर पाहावे घेऊन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या सभेत केलेल्या भाषणाचा आलेख)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी खसरा, रजिस्ट्री आणि आयकर यांविषयी बोलावयास उभे राहणे हे काहीसे अनुचित वाटण्याचा संभव आहे. काल याच व्यासपीठावर नाट्यसंगीत रंगले, उद्या बालगोपाळांचे नाटक आहे. या दोहोंच्या मध्ये माझ्यासारख्या सेवानिवृत्त बँक-अधिकाऱ्याने दस्तऐवजांची भाषा बोलावी, म्हणजे पुरणपोळीच्या पंगतीत काढ्याची वाटी फिरविण्यासारखेच आहे. परंतु कार्यकारिणीचा आग्रह पडला, आणि त्या आग्रहाला कारणही तसेच आहे. गेली काही वर्षे मंडळात भेटणारा प्रत्येक दुसरा गृहस्थ चहाचा कप हाती घेताच एकच प्रश्न विचारतो : "काय हो, घर इथेच घ्यावे, की नागपूरला?" आणि ज्यांनी घर घेऊन ठेवले आहे ते विचारतात : "आता ठेवावे, की विकावे?"

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. आपण भिलाईकरांनी लग्ने पुष्कळ केली, आणि थाटामाटाने केली. परंतु घर बांधण्याच्या परीक्षेला आपल्यापैकी बहुतेक जण बसलेच नाहीत. ते आपल्यासाठी कारखान्याने बांधून ठेवले होते. आज मला जे सांगावयाचे आहे त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

थोडे मागे वळून पाहू. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीच्या जोडीने सेक्टर उभे राहिले. आपले वडीलधारे विदर्भातून, खानदेशातून, कोकणातून येथे आले, त्यांच्या हाती क्वार्टरची किल्ली पडली आणि त्याच दिवशी त्यांच्या मनातील घराचा विषय संपला. घर म्हणजे पगाराच्या चिठ्ठीतील एक किरकोळ कपात. नळ गळू लागला तर तक्रार नोंदवावी. अंगणात आंबा लावावा, पेरू लावावा, दारात तुळशीवृंदावन बांधावे. आंब्याला फळ धरेपर्यंत आपणांस असे वाटू लागे की, हे झाड आपले आहे, अंगण आपले आहे, घरही आपलेच आहे. साठाव्या वर्षी निवृत्तीचा आदेश हाती येई, त्या दिवशी प्रथमच लक्षात येई की, आपले असे काहीच नाही. मुदतीत क्वार्टर रिकामे करावयाचे आहे आणि ते रिकामे केल्याविना हिशेब पुरा व्हावयाचा नाही.

म्हणजे पाहा, पुण्या-मुंबईचा नोकरदार तिशीत-पस्तिशीत कर्ज काढून घर घेतो. चूक झालीच तर ती निस्तरायला त्याच्यापाशी पंचवीस वर्षांची मिळकत शिल्लक असते. आपला मनुष्य मात्र आयुष्यात प्रथमच घर घ्यावयास निघतो तो साठीला, भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानाची सारी पुंजी एकदम हाती घेऊन, आणि डोक्यावर क्वार्टर सोडण्याची घाई घेऊन. अनुभव शून्य, पैसा एकरकमी आणि वेळ अपुरा, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे फसवणाऱ्याला फार श्रम पडत नाहीत.

हे मी पुस्तकी सांगत नाही. आमच्या शेजारी एक गृहस्थ होते. नाव सांगत नाही, आपल्यापैकी काहींना ते आठवतील. निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांनी शहराच्या कडेला एक भूखंड पाहिला. दर बराच कमी होता. एका संध्याकाळी फाटकाशी उभे राहून त्यांनी मला कागदाच्या दोन छायाप्रती दाखविल्या आणि विचारले, "जरा नजर टाका हो, ठीक आहे ना?" मी त्या वेळी बँकेत होतो. दिवसभर असलेच कागद तपासून थकून आलो होतो. मी वरवर पाहिले आणि म्हणालो, "दिसते तर ठीक." त्यांनी व्यवहार केला. रीतसर रजिस्ट्री झाली. पुढे उमगले की, मूळ शेताचे तुकडे पाडून ते अनेकांना विकलेले होते, परंतु अभिलेखात त्या शेताचे विभाजन झालेलेच नव्हते. जमीन शेतीची होती ती शेतीचीच राहिली होती. कॉलनीचा नकाशा मंजूर नव्हता. नामांतरणाचा अर्ज परत आला. त्यांच्या हाती विक्रीपत्र होते, पण जमिनीवर जाऊन 'हा माझा तुकडा' असे बोट दाखविता येत नव्हते. त्याच चिंतेत असताना ते गेले. वहिनी आज मुलीकडे असतात आणि तहसीलीतील तारखांना अजूनही जाऊन येतात. त्यांनी मला कधी शब्दानेही बोल लावला नाही. परंतु माझे ते तीन शब्द माझ्या कानांतून जात नाहीत, आणि म्हणूनच मी आज येथे उभा आहे.

आता प्रत्यक्ष बाजाराकडे वळू. भिलाईतील घरांची मला तीन कडी दिसतात.

पहिले कडे टाउनशिपचे. येथील जमीन कारखान्याची. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत स्टील अथॉरिटीने येथील काही क्वार्टरे टप्प्याटप्प्याने कर्मचाऱ्यांना आणि माजी कर्मचाऱ्यांना दीर्घ मुदतीच्या लीजवर दिली. ज्यांना ती मिळाली ते सुखी झाले, यात शंका नाही. परंतु लीज म्हणजे मालकी नव्हे, हे विसरू नये. लीजवरील घर हस्तांतरित करता येते का, कोणाच्या अनुमतीने, कोणते शुल्क भरून, वाढीव बांधकामाचे काय, मुदत संपल्यावर काय, वारसाचे नाव कसे चढते, या साऱ्यांची उत्तरे त्या लीजच्या दस्तातच असतात. तो दस्त न वाचता 'सेक्टरमधले घर स्वस्तात मिळते आहे' म्हणून धावणारे मी पाहिले आहेत. त्यांना घर मिळाले नाही, फक्त एका तिऱ्हाइताची सही मिळाली.

दुसरे कडे जुन्या वसाहतींचे : नेहरूनगर, स्मृतिनगर, वैशालीनगर, हुडको, हाउसिंग बोर्डाच्या वसाहती, पलीकडे दुर्गचे पद्मनाभपूर. येथे रस्ते, पाणी, शाळा, दवाखाना सारे बसलेले आहे. माझ्या पाहण्यात येथील विक्रेते पुष्कळसे आपल्यासारखेच. मुले पुण्याला, बंगळूरला, हैदराबादला किंवा परदेशात, आणि दुमजली घरात दोन वृद्ध माणसे. अशी मोठी घरे घेणारा गिऱ्हाईक सहजी मिळत नाही. तेव्हा घेणाऱ्याने येथे घाई करू नये आणि विकणाऱ्याने चार महिन्यांत पैसे हाती येतील अशी आशा धरू नये.

तिसरे कडे नव्या वसाहतींचे, जुनवानी, कोहका, रिसाली या दिशांचे. येथे फ्लॅट आहेत, रो-हाउसेस आहेत आणि विशेषतः भूखंड आहेत. आकर्षणही येथेच सर्वांत जास्त आणि धोकाही येथेच सर्वांत जास्त. कुटेलाभाठा येथील आयआयटीच्या कायम परिसराचे २०२४ साली लोकार्पण झाले, तेव्हापासून त्या बाजूच्या प्रत्येक जाहिरातीत आयआयटी 'पाच मिनिटांवर' असते. ती पाच मिनिटे कोणत्या वाहनाची, हे मात्र लिहिलेले नसते. आपण स्वतः दुपारच्या उन्हात आणि एकदा आषाढातल्या पावसात त्या रस्त्याने जाऊन यावे. पाणी कोठे तुंबते, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहते का, रात्री दिवे असतात का, हे जाहिरातीला विचारून कळत नाही. शेजारच्या घरच्या बाईंना विचारावे.

भावांचे काय, असे आपण विचाराल. मी आकडा सांगणार नाही, कारण मी आज सांगितलेला आकडा ही स्मरणिका आपल्या हाती पडेपर्यंत शिळा होईल. परंतु भावाचे कल कशाने ठरतात हे पाहता येईल. कारखान्यातील कायम नोकरांची संख्या एके काळच्या मानाने फार उतरली आहे. निवृत्तीचे पैसे घेऊन बाजारात येणाऱ्यांचा ओघ त्या मानाने आटणारच. उलट शिकवणी वर्गांसाठी येणारी मुले, आयआयटी, लहान-मोठे उद्योग यांमुळे भाड्याने घर मागणारा वर्ग टिकून आहे. आणि जमिनीत पैसा गुंतविणाऱ्यांचे लक्ष रायपूर आणि नवा रायपूर यांकडे पुष्कळसे वळले आहे. तेव्हा 'भिलाईत भाव वाढतच जाणार' असे छातीठोकपणे सांगणारा मनुष्य एक तर भाबडा असतो, नाही तर दलाल.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात ज्याला रेडी रेकनर म्हणतात त्याला इकडे गाइडलाइन दर म्हणतात. शासनाने २०१९ साली हे दर ३० टक्क्यांनी उतरविले होते, ती सवलत २०२४ च्या एप्रिलपासून गेली. २०२५ च्या नोव्हेंबरात नवे दर आले आणि पाठोपाठ डिसेंबरात त्यांत काही फेरफार झाले. मुद्रांक शुल्क या दरांशी बांधलेले असल्यामुळे सौदा ठरविण्यापूर्वी त्या वॉर्डाचा, त्या रस्त्याचा चालू दर पंजीयक कार्यालयातून काढून घ्यावा. परंतु गाइडलाइन हा बाजारभाव नव्हे, हेही ध्यानी असावे. बाजारभाव कळण्यास तीन साक्षी काढाव्यात : गाइडलाइन दर, त्याच गल्लीत गेल्या वर्षभरात नोंदलेले व्यवहार आणि बँकेच्या मूल्यांककाचा अभिप्राय. तिघांचे जेथे जमेल तेथे भाव खरा. दलालाची साक्ष चौथी धरावी, पहिली नव्हे.

आता कागदांविषयी. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती, नंतर ती भोपाळ झाली, १ नोव्हेंबर २००० पासून रायपूर आहे. राजधान्या बदलल्या तसे महसुलाचे शब्दही नागपूरचे आणि इकडचे वेगळे झाले. तेव्हा प्रथम भाषांतर करून घेऊ. तिकडचा सातबारा, इकडे पी-टू खसरा आणि बी-वन. तिकडचा तलाठी, इकडचा पटवारी. तिकडचा फेरफार, इकडचे नामांतरण. तिकडची बिनशेती, इकडचे डायवर्शन. शेताचे पोटहिस्से पडून त्यांना स्वतंत्र क्रमांक मिळणे म्हणजे इकडचे बटांकन. हे शब्द पाठ करावेत. आमच्या शेजाऱ्यांच्या व्यवहारात बटांकन आणि डायवर्शन या दोन शब्दांनीच घात केला.

घर किंवा भूखंड घेताना विक्रेत्यास पाच प्रश्न विचारावेत, आणि उत्तर तोंडी घेऊ नये, कागदावर घ्यावे.

पहिला प्रश्न : आपण मालक आहात का? शासनाच्या भुइयाँ या संकेतस्थळावर खसऱ्याचा क्रमांक टाकून मालकाचे नाव घरबसल्या पाहता येते. तेवढ्यावर थांबू नये. निदान ३० वर्षांची हस्तांतरणाची साखळी वकिलाकडून तपासून घ्यावी. केवळ मुखत्यारपत्र किंवा इकरारनामा यांच्या जोरावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालच्या सूरज लॅम्प खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. मालकी येते ती नोंदलेल्या विक्रीपत्राने.

दुसरा प्रश्न : जमीन कोणत्या प्रकारची? निर्वेध मालकीची, लीजची की नझूलची? हाउसिंग बोर्डाचे घर असल्यास ते फ्री होल्ड झाले आहे का? झोपडपट्टीवासीयांना शासनाने दिलेल्या पट्ट्यांच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. कारखान्याने संपादन केलेल्या जमिनीवर उभे असलेले खाजगी घर घेणे म्हणजे विषाची परीक्षा पाहणे होय. आणि मूळ खातेदार आदिवासी असल्यास, कलेक्टरांच्या अनुमतीवाचून ती जमीन बिगर-आदिवासीस घेता येत नाही. मधल्या दोन खरेदीखतांकडे पाहून निर्धास्त होऊ नये, मूळ खातेदारापर्यंत जावे.

तिसरा प्रश्न : हा तुकडा कागदावर वेगळा आहे का? त्याचे बटांकन झाले आहे का, नकाशात तो दिसतो का, डायवर्शन झाले आहे का? २०२५ मधील दुरुस्तीने छत्तीसगडच्या ग्रामीण भागात ५ डिसमिलहून लहान शेतजमिनीच्या तुकड्याच्या विक्रीस आळा घालण्यात आला आहे. ५ डिसमिल म्हणजे २,१७८ चौरस फूट. तेव्हा खेड्याच्या हद्दीत हजार-बाराशे फुटांचा भूखंड दाखविणाऱ्यास हाच प्रश्न प्रथम विचारावा.

चौथा प्रश्न : वसाहतीस मंजुरी आहे का? नगर तथा ग्राम निवेश विभागाने संमत केलेला नकाशा, स्थानिक संस्थेची विकासाची अनुज्ञा आणि रेराचा नोंदणी क्रमांक, हे तिन्ही पाहावे. २०१६ च्या रेरा कायद्यान्वये ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरील किंवा ८ हून अधिक सदनिकांच्या प्रकल्पास नोंदणी आवश्यक आहे, आणि भूखंडांच्या वसाहतीही त्यात येतात. नोंदलेला करार केल्यावाचून विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांच्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, आणि ताबा दिल्यापासून ५ वर्षांत निघालेले बांधकामाचे दोष विनामूल्य दुरुस्त करून द्यावे लागतात. क्षेत्रफळ विचारताना कार्पेट एरिया विचारावा, जिना आणि पोर्च मिळवून फुगविलेला आकडा नव्हे. विकास पुरा होईपर्यंत काही भूखंड स्थानिक संस्थेकडे बंधक ठेवलेले असतात. आपला भूखंड त्यांतला नाही ना, हेही पाहावे.

पाचवा प्रश्न : बोजा आहे का? एखाद्या बँकेचे कर्ज, थकलेला मालमत्ता कर, पाण्याचे-विजेचे बिल, चालू असलेला दावा. 'मूळ कागद बँकेत सुरक्षित ठेवले आहेत' असे विक्रेता म्हणाला की, बँकेत ते का ठेवले आहेत, हे बँकेलाच विचारावे.

रजिस्ट्रीनंतरही काम संपत नाही. २०२५ पासून नोंदणीबरोबर नामांतरण आपोआप होण्याची व्यवस्था छत्तीसगडात सुरू झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. तरीही महिन्याभराने नवा बी-वन काढून त्यावरील आपले नाव, अक्षर न् अक्षर, वाचून घ्यावे. देशपांडेचा 'देशपांडेय' झालेला मी पाहिला आहे, आणि तो एक 'य' काढावयास दोन वर्षे लागली.

आता नागपूरविषयी. दुर्गहून नागपूर लोहमार्गाने सुमारे २६५ किलोमीटर. सकाळी निघालो तर दुपारच्या जेवणाला तेथे. बहुतेकांची बहीण, भाऊ, व्याही तिकडेच, तेव्हा ओढ स्वाभाविक आहे. परंतु तेथेही 'आपली माणसे' या शब्दावर व्यवहार करू नये. शहरातील मिळकतीची आखीव पत्रिका पाहावी. नागपूर सुधार प्रन्यासाच्या क्षेत्रातील जुन्या ले-आउटमध्ये नियमितीकरणाचे पत्र, ज्याला तिकडे 'आरएल' म्हणतात, ते आहे का ते पाहावे. नवा प्रकल्प असल्यास महारेराचा क्रमांक तपासावा. पुण्यात मुलाच्या जवळ जुना फ्लॅट घेणाऱ्यांनी गृहनिर्माण संस्थेचे भागपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले आहे का, हे विचारावे. सातबारा वाचता येतो म्हणून महाराष्ट्रात कोणी फसत नाही, असे थोडेच आहे?

विकणाऱ्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. पहिली गोष्ट, गिऱ्हाईक शोधण्यापूर्वी कागद शोधावेत. वडिलांच्या नावावरचे घर विकावयास निघालेले दोघे भाऊ माझ्याकडे येत. वडील जाऊन दहा वर्षे झालेली, आणि घरावर अद्याप त्यांचेच नाव. वारसांची नोंद करून घ्यावी, आणि वारसांत बहिणीही येतात हे विसरू नये. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मतःच असल्याचे स्पष्ट केले. 'ताई सही करील हो' असे गृहीत धरू नये. ताईला आधी विचारावे. भाऊबीज त्याने अधिक गोड होते.

दुसरी गोष्ट पैशाची. निम्मे रोखीने घेण्याचा मोह येतो. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे कायद्याला मंजूर नाही, आणि दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर घेणाऱ्याने १ टक्का आयकर कापून भरावयाचा असतो. त्याचा दाखला मागून घ्यावा. घर २४ महिन्यांहून अधिक काळ आपले असेल तर नफा दीर्घ मुदतीचा ठरतो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घराच्या बाबतीत महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांनी होणारा कर कमी येत असेल, तर निवासी व्यक्तीस तोच लागू होतो. विक्रीच्या आधी १ वर्षात किंवा नंतर २ वर्षांत दुसरे घर घेतले, किंवा ३ वर्षांत बांधले, तर त्या नफ्यावर सूट मिळू शकते. मात्र विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे खर्ची पडले नसतील तर ते भांडवली नफ्याच्या विशेष खात्यात ठेवावे लागतात. साध्या बचत खात्यात ठेवून सूट गमावलेले सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. म्हणून विक्रीपूर्वी, नंतर नव्हे, करसल्लागाराकडे एक फेरी मारावी.

हे सारे झाले कायद्याचे. आता वडीलकीच्या नात्याने थोडे सांगतो, पटले तर घ्यावे.

घराचा निर्णय निवृत्तीच्या निदान पाच वर्षे आधी करावा. क्वार्टरचे छप्पर डोक्यावर असते तोवर 'नाही' म्हणावयाचे धैर्य राहते. निवृत्तीची सारी पुंजी घरात ओतू नये. भिंती दुखण्या-खुपण्यात औषधाचे बिल भरत नाहीत. ज्या गावी राहावयास जाण्याचा विचार असेल तेथे आधी वर्षभर भाड्याने राहून पाहावे. तीस वर्षे मोकळ्या अंगणात राहिलेल्या माणसाला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट मानवेल का, आणि सारे स्नेही भिलाईत ठेवून गेलेल्या गृहिणीला नव्या शहरात करमेल का, हे वर्षभरात कळते. सेक्टर ९ च्या रुग्णालयाची सवय असलेल्यांनी, रात्री दोन वाजता डॉक्टर कोठे मिळेल, हाही प्रश्न घर पाहतानाच विचारावा.

आणि शेवटची गोष्ट पुरुषमंडळींना. घर दोघांच्या नावे घ्यावे. स्त्रीच्या नावे घेतल्यास शुल्कात सवलत असते, ती त्या वेळी कितपत आहे ते विचारून घ्यावे. पण सवलत हे खरे कारण नव्हे. कागदांची फाइल कोठे आहे, तिच्यात काय आहे, कोणता कागद कशासाठी आहे, हे पत्नीला ठाऊक असले पाहिजे. आमच्या शेजारच्या वहिनींना बटांकन हा शब्द प्रथम कळला तो तहसीलीच्या बाकावर. तो त्यांना व्यवहारापूर्वी कळला असता, तर मला खात्री आहे, त्यांनी माझ्यापेक्षा चांगला प्रश्न विचारला असता.

मंडळाने गेल्या पन्नास वर्षांत गणेशोत्सव केले, वाचनालय चालविले, वधू-वरांच्या गाठी घालून दिल्या. आता एक लहानसे काम आणखी करावे, अशी माझी सूचना आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयात आपल्यापैकी दोघा-तिघांनी, ज्यांचे आयुष्य बँकेत, न्यायालयात किंवा महसूल खात्यात गेले, त्यांनी तासभर बसावे. कोणीही आपले कागद घेऊन यावे. आम्ही वकील नव्हे, आम्ही निकाल देणार नाही. पण हा कागद कोणता, यात काय नाही आणि पुढे कोणाकडे जावे, एवढे सांगू शकू. पहिल्या रविवारी मी येईन. आणि कोणी विचारले, "जरा नजर टाका हो, ठीक आहे ना?" तर या वेळी चष्मा लावून, बसून, पहिल्या पानापासून वाचीन.

 उद्याच्या नाटकास सर्वांनी अवश्य यावे.